चालून दाखवा

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्ष झालं, म्हणून तपासणीसाठी गेलो होतो. पुण्यातलं मोठं हॉस्पिटल. तळमजल्यावर कॉफीचा दरवळ, लिफ्टसमोर व्हीलचेअरची रांग, भिंतीवर जिना चढणाऱ्या आजी-आजोबांचे मोठाले फोटो. आधी एक्स-रे, मग नंबर. आत गेलो तेव्हा दुपार उलटली होती. डॉक्टर सकाळपासून ऑपरेशनं करून आलेले; डोळ्यांखाली थकवा दिसत होता, तरी "या काकू" म्हणून त्यांनी आईला आपुलकीनं बसवलं. स्क्रीनवर गुडघा उजळला. करड्या हाडांना वरून-खालून बसवलेला पांढराशुभ्र धातू आणि मधे, जिथं प्लॅस्टिक असतं तिथं, काळी फट. "सुंदर!" डॉक्टर मनापासून म्हणाले. "अगदी सरळ बसलाय सांधा. पुढच्या वर्षी दाखवा." आई "हो, हो" म्हणाली, टेबलाची कड धरून उठली आणि बाहेर आली. रिक्षात शिरताना तिनं नेहमीसारखं आधी पाठमोरं बसून घेतलं, मग उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा समोर बघतच म्हणाली, "त्यांनी मला एकदासुद्धा चालून दाखवा म्हटलं नाही गं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य मनातून गेलं नाही.

आईचा गुडघा वाकताना नव्वद अंशांच्या थोडा अलीकडेच अडतो. कागदावर हा एक आकडा. घरात त्याचे पुष्कळ अर्थ होतात. जेवणाच्या टेबलाची खुर्ची चालते, पण सोफ्यातून उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. जिना चढताना डावा पाय पुढं, मग उजवा त्याच्या शेजारी, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. नाटकाला गेलो तर कडेचीच खुर्ची घ्यायची, आणि तिथंही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत तिचा पाय येतो, मग ती प्रत्येकाला "सॉरी हां" म्हणत राहते. दुखणं मात्र गेलं आहे, हे मी मुद्दाम लिहिते. रात्री दीड-दोन वाजता उठून निलगिरीचं तेल चोळत बसणारी आई आता सलग झोपते. ऑपरेशनआधीची कित्येक वर्षं आमच्या घराला त्या तेलाचा, बामचा आणि शेकायच्या रबरी पिशवीचा मिळून एक वास असायचा. तो वास गेला. कुणी विचारलं तर आई आधी हेच सांगते. मग जरा थांबते आणि म्हणते, "पण वाकत नाही." या दोन वाक्यांच्या मधे जी जागा आहे तिथं मी गेले काही महिने घोटाळते आहे.

त्याच सुमारास मोठ्या मावशीचाही गुडघा बदलला. ती विट्याला असते, आणि विट्याच्या माणसानं गुडघ्यासाठी मिरजेला जायचं हे ठरलेलंच. वानलेस साहेबांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून सगळा दक्षिण महाराष्ट्र आणि पलीकडचा कर्नाटक आपली दुखणी घेऊन मिरजेला येतो. मावशीचं ऑपरेशन मात्र तिथल्या एका बोळातल्या छोट्या हॉस्पिटलात झालं. मोजक्या खाटा, जिन्याऐवजी उतरती फरशी, खिडकीबाहेर चहाची गाडी. नातेवाइकांनी खाटेशेजारी चटई टाकायची, डबा खानावळीतून आणायचा. तिसऱ्या दिवशी तिच्या जखमेतून पाणी यायला लागलं. मामानं रात्री उशिरा मला फोन केला तेव्हा त्याच्या आवाजावरून माझ्या पोटात गोळा आला. शेवटी काही झालं नाही. पण डॉक्टर स्वतः साध्या चपला घालून मध्यरात्री आले, पट्टी उघडून बघितली, आणि आणखी चार दिवस तिला सोडलं नाही, हे मावशी अजून सांगते.

ती आणखी एक गोष्ट सांगते. फिजिओथेरपी करायला येणारा मुलगा. पंचविशीतला, खिशात प्लॅस्टिकचा कोनमापक घेऊन येणारा. गुडघ्याच्या बाजूला तो कोनमापक धरायचा, एक दांडी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या, आणि आकडा मावशीच्याच दोनशे पानी वहीत लिहायचा. ती वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर देवाचं नाव, दुसऱ्यावर दुधाचा हिशेब, तिसऱ्यापासून गुडघा: ६०, ६५, ६५, ७२, ७०. आकडा घसरला की तो कारण विचारायचा. काल सूज होती का? गोळी घेतली का? पाहुणे आले होते का? कधीकधी मावशी खोटं बोलायची, व्यायाम केला म्हणून सांगायची, आणि कोनमापक तिचं खोटं तिथल्या तिथं पकडायचा. घरी गेल्यावर विट्यातला दुसरा फिजिओ येऊ लागला, पण वही तीच राहिली. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरांनी आधी वही मागितली आणि मग एक्स-रे.

ज्यांनी हे व्यायाम केले आहेत, किंवा घरात करताना पाहिले आहेत, त्यांना ते काय असतं हे माहीत आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. टाच गादीवरून घसरवत मागं ओढायची. खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा आणि दुसऱ्या पायानं त्याला हळूहळू मागं ढकलायचं. पाठीतलं औषध उतरलं की पहिल्या रात्री जी कळ सुरू होते, तिला घाबरून माणूस पाय जिथं आहे तिथं ठेवतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आत नवी पेशीजाळी घट्ट होत असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जो कोन मिळवला तो मिळवला. पुढं मिळतं ते थोडं आणि कष्टानं. अडकलेला गुडघा भूल देऊन वाकवता येतो, पण तेही साधारण त्याच मुदतीत. आईला चौथ्या दिवशी घरी सोडलं. फाइलमध्ये गुळगुळीत कागदावर छापलेले व्यायाम होते, सूचना इंग्रजीत, चित्रांत हाफ पँट घातलेला कुणी परदेशी गृहस्थ. घरी यायला एजन्सीनं फिजिओ पाठवली. महिन्याभरात तीन वेगवेगळ्या मुली आल्या. सगळ्या गोड होत्या. आई कळवळली की त्या थांबायच्या, "होईल हळूहळू" म्हणायच्या. आमच्या घरी वही नव्हती. टाके काढताना, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी जखम सुरेख भरली होती आणि एक्स-रे सुरेख होता. कोन कुणी मोजला नाही.

आणि तिसरी गोष्ट डोंबिवलीच्या काकांची. आम्ही पूर्वी तिथं राहायचो तेव्हाचे शेजारी, निवृत्त एसटी कंडक्टर. सगळी नोकरी उभ्यानं, हलत्या गाडीत. त्यांचं ऑपरेशन मुंबईत पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात झालं. नंबर लागायला कितीतरी महिने गेले, दाखल झाल्यावरही तारीख पुढं ढकलली, समाजसेवा विभागाच्या खिडकीवर काकूंनी ट्रस्टच्या मदतीसाठी अर्जावर अर्ज दिले. मी भेटायला गेले तेव्हा लांबलचक वॉर्डात फिनेल, ओली पट्टी आणि भाताच्या पेजेचा वास एकत्र झाला होता. संडास भारतीय पद्धतीचे, फक्त कोपऱ्यात एक कमोड, आणि त्याच्यासमोर वॉकर घेतलेल्या माणसांची रांग. हे पाहून मला रडू आलं होतं. पण त्याच वॉर्डात सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपी कॉलेजची मुलं-मुली घोळक्यानं यायची. त्यांना शिकायचं होतं, म्हणून ती मोजायची. एकीनं मोजलं की दुसरा मोजायचा, मग त्यांच्या मॅडम येऊन दोघांचंही चुकलं म्हणून पुन्हा मोजायच्या. काकांचा गुडघा असा दिवसातून कितीदा वाकवला गेला, देव जाणे. आज ते डोंबिवली स्टेशनचा पूल चढून पलीकडं जातात, गर्दीच्या वेळी.

तीन माणसं, तीन हॉस्पिटलं. इथं थांबून निकाल द्यायचा मोह फार आहे. छोटं ते चांगलं, सरकारी ते त्याहून चांगलं, पंचतारांकित ते पोकळ. पण मी तो देणार नाही, कारण तो खरा नाही. मावशीचा गुडघा ऑपरेशनआधीही चांगला वाकत होता; आईचा तेव्हाच आखडलेला होता, कारण "अजून एक वर्ष काढू" म्हणत तिनं फार वर्षं काढली. आणि आधी जो गुडघा जास्त वाकतो तो नंतरही जास्त वाकतो, हे सगळे अस्थिरोगतज्ज्ञ जाणून असतात. आईला मधुमेह आहे, मावशीला नाही. काका अंगानं सडपातळ, त्यातून चिवट. शिवाय आईच्याच हॉस्पिटलात, त्याच डॉक्टरांकडून गुडघे बदललेल्या आमच्या सोसायटीतल्या एक बाई सारसबागेला फेऱ्या मारतात. दुसऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या सांध्यात पू झाला. बसवलेला सांधा काढायचा, त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवायचा, कित्येक आठवडे औषधं, आणि मग नवा सांधा, अशा दोन ऑपरेशनांतून त्या गेल्या. चांगल्यात चांगल्या ठिकाणीही शंभरातल्या एखाद-दुसऱ्याच्या वाट्याला हे येतं. एका माणसावरून हॉस्पिटल कळत नाही. दहा माणसांवरूनही कळत नाही.

आणि तरी आपण सगळे असंच निवडतो.

अमक्यांच्या सासूबाई महिन्याभरात चालायला लागल्या. तमक्यांच्या भावाचं बिघडलं. सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये दोघांनी तिथंच केलं. कॅशलेस आहे. मुलाच्या ऑफिसपासून जवळ. आईच्या पिढीला तर हे ऑपरेशनच कळलं ते वाजपेयींमुळं. २००० साली डावा आणि पुढच्या वर्षी उजवा, असे त्यांचे दोन्ही गुडघे ब्रीच कँडीत बदलले, न्यूयॉर्कहून डॉक्टर चित्तरंजन राणावत आले होते, आणि त्या काळात वर्तमानपत्रांत गुडघ्याच्या आकृत्या छापून येत होत्या. आज जो सांधा जगभर बसवतात त्याचा मूळ नमुना सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी घडवला, त्यांत राणावत होते. आईनं तेव्हाचं कात्रण शाळेच्या वहीत ठेवलं होतं. ती तेव्हा पन्नाशीतही नव्हती, पण तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग तिला तेव्हापासूनच जड जात होता.

हॉस्पिटल ठरवताना आम्ही तीन ठिकाणचे पॅकेजचे कागद आणले होते. खोलीचे प्रकार, इम्प्लांटचे प्रकार, रोबोट हवा की नको. इम्प्लांटच्या किमती सरकारनं १६ ऑगस्ट २०१७ पासून बांधून दिल्या. ज्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची छापील किंमत त्याआधी सरासरी दीड लाखावर होती तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. फार मोठं काम झालं ते, कितीतरी घरांना त्यामुळं हे ऑपरेशन परवडलं. पण बिलातला तो एकच आकडा बांधला गेला, बाकीचे मोकळे राहिले. रोबोटनं सांधा अधिक अचूक बसतो असं दिसतं. त्यामुळं माणूस वर्षानंतर अधिक बरा चालतो का, यावर डॉक्टरांमध्येच अजून एकमत नाही. हे सगळं आम्ही रात्र रात्र वाचलं. आणि तीनही कागदांवर एक गोष्ट नव्हती: इथून घरी गेलेली माणसं वर्षानंतर कशी आहेत.

ही माहिती गोळा करता येते. स्वीडननं १९७५ साली बदललेल्या गुडघ्यांची देशभराची नोंदवही सुरू केली. ऑस्ट्रेलियानं १९९९ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सनं २००३ मध्ये. कुणाला, कुठं, कुणी, कुठल्या कंपनीचा सांधा बसवला, आणि तो पुन्हा उघडावा लागला का, हे सगळं तिथं लिहिलं जातं. आईला डॉक्टरांनी "पंचवीस वर्षं काळजी नाही" असं सांगितलं होतं. ते वाक्य अशाच नोंदवह्यांतून आलं आहे. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये निघालेला आकडा आहे की शंभरातले ८२ गुडघे पंचवीस वर्षांनंतरही टिकून असतात. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आणि फिनलंडमधल्या म्हाताऱ्या माणसांनी आपले गुडघे मोजू दिले, म्हणून पुण्यात माझ्या आईला धीर मिळाला. आपल्याकडे सांधेबदल करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तीत लिहायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

नोंद नसली की काय होतं ते आपण खुब्याच्या बाबतीत बघितलं आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूचा खुबा लवकर निकामी होतो, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीनं दाखवून दिलं. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागं घेतला. भारतात तो सुमारे ४,७०० वेळा बसवला गेला होता. पुढं केंद्र सरकारनं समिती नेमली, भरपाई ठरवायची वेळ आली, आणि कळलं की त्यांतल्या हजारभर माणसांचाच पत्ता लागतो आहे. बाकीचे कुठं आहेत, कसे आहेत, त्यांना आपल्या शरीरात काय आहे हे तरी ठाऊक आहे का? ही बातमी वाचली तेव्हा आईचं ऑपरेशन व्हायचं होतं. ते झाल्यावर मी तिच्या इम्प्लांटचे स्टिकर फाइलमधून काढून त्यांचा फोटो काढून ठेवला, तो आजही माझ्या फोनमध्ये आहे.

पण नोंदवहीसुद्धा पुरत नाही, हे मला आईकडं बघून कळलं. तिचा सांधा पुन्हा उघडावा लागलेला नाही. जगातल्या कुठल्याही नोंदवहीत ती यशस्वी ठरेल.

इंग्लंडनं यावर काहीतरी केलं आहे, आणि ते वाचल्यापासून मी जरा अस्वस्थच आहे. ऑक्सफर्डमधल्या मंडळींनी १९९८ साली बारा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, सगळं उत्तम असेल तर ४८. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं एप्रिल २००९ पासून गुडघा बदलायला आलेल्यांना ही यादी ऑपरेशनआधी भरायला द्यायला सुरुवात केली, आणि सहा महिन्यांनी पुन्हा. दोन्हींतला फरक हॉस्पिटलवार जाहीर होतो. वयस्कर, गुंतागुंतीचे रुग्ण ज्यांच्याकडं जास्त येतात त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून आकडे त्या हिशेबानं जुळवून घेतात. म्हणजे आईची साखर आणि मावशीचा गुडघा ऑपरेशनआधी किती बरा होता हे दोन्ही त्यात धरलं जातं. मी वर जो निकाल द्यायला नकार दिला, तो द्यायची ही रीत आहे.

एका रविवारी ते बारा प्रश्न मी आईला गॅलरीत बसून विचारले. ती वेणी घालत होती. रात्री अंथरुणात दुखतं का? नाही. अंघोळ, अंग पुसणं? पावलं पुसता येत नाहीत, पंख्याखाली वाळवते. गाडीत चढ-उतर? ते तू बघतेसच. एकटीनं जाऊन घरची खरेदी? "मंडईत जाते की. पण खाली बसलेल्या बाईकडून आता घेत नाही, वाकून निवडता येत नाही. गाळ्यावरून घेते, महाग पडतं." जिना उतरता येतो का? इथं तिनं वेणी घालायची थांबवली. "उतरते. पण मागून कुणी येत असलं की बाजूला उभी राहते. आधी त्यांना जाऊ देते." यासाठी त्या यादीत किती गुण आहेत मला कळेना. गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का, हा प्रश्न आला तेव्हा ती म्हणाली, "हे तर मला कुणी करू नकाच म्हणून सांगितलंय." बेरीज तिशीच्या आत आली. ऑपरेशनआधी तिला हे कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळं किती मिळवलं आणि किती राहिलं ते आता कधीच कळणार नाही.

मावशीला फोनवर विचारलं तर तिची बेरीज चाळिशीपार गेली. औदुंबरच्या घाटाच्या पायऱ्या ती कठड्याला धरून उतरते, पाण्याला हात लावून परत येते. पण शेवटी म्हणाली, "तुझ्या त्या कागदात खाली बसायचं कुठंच नाही का गं?" नाही. मांडी नाही, पाट नाही, उकिडवं बसणं नाही. खुर्चीतून उठायला नव्वद-शंभर अंश पुरतात. उकिडवं बसायला एकशेतीसच्या पुढं लागतात आणि बदललेला गुडघा बहुधा एकशेदहा-वीसच्या आसपास थांबतो. मावशीचा एकशेपंधरावर आहे, म्हणजे उत्तम. तरी हळदीकुंकवाला सगळ्या बायका सतरंजीवर आणि ती खुर्चीवर, याचं तिला वाईट वाटतं. उत्तम निकाल लागलेल्या बाईच्या मनातसुद्धा हे असतं. इंग्लंडात, कॅनडात झालेल्या अभ्यासांत पाचातला एक जण ऑपरेशननंतर समाधानी नसतो असं पुन्हा पुन्हा निघालं आहे, आणि त्यामागं सगळ्यात मोठं कारण असतं ते अपेक्षा पुऱ्या न होण्याचं. आमच्याकडच्या बायकांच्या अपेक्षा जमिनीवर आहेत. त्या त्यांना आधी कुणी विचारत नाही, आणि "हे होईल, हे होणार नाही" असं स्पष्ट सांगतही नाही.

अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यानं, मेडिकेअरनं, २०१६ ते २०२४ या काळात कितीतरी हॉस्पिटलांना सांगितलं होतं की सांधा बदललात तर घरी सोडल्यानंतरच्या नव्वद दिवसांच्या खर्चाची आणि गुणवत्तेची जबाबदारीही तुमचीच. नव्वद दिवस. आईच्या गुडघ्याचं जे काही व्हायचं ते त्याच नव्वद दिवसांत झालं, आमच्या घरातल्या त्या खाटेवर, तीन वेगवेगळ्या मुलींसमोर. ऑपरेशन थिएटरमधले दोन तास निर्दोष होते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. डॉक्टरांचा हात चांगला आहे. पण आपल्याकडं हॉस्पिटलचं काम डिस्चार्जच्या कागदाशी संपतं, कारण पैसे तिथं संपतात. विम्याचा क्लेम असो की सरकारी योजना, ऑपरेशननंतरचा एक्स-रे जोडावा लागतो; एक्स-रे जोडला की सांधा बसला हे सिद्ध होतं आणि बिल मंजूर होतं. त्याच क्लेमचा थोडा भाग सहा महिने राखून ठेवायचा, आणि बारा-पंधरा प्रश्नांचं एक पान, मराठीत, मांडी आणि संडास आणि एसटीची पायरी विचारणारं, भरून आल्यावरच द्यायचा, एवढं कुणी केलं तर आपल्या राज्यातल्या हॉस्पिटलांचं खरं काय आहे ते दोन-तीन वर्षांत उजेडात येईल. यात अवघड काही नाही. मिरजेच्या त्या मुलानं दुधाच्या हिशेबाच्या वहीत ते केलं होतं.

आता आईचा डावा गुडघा बोलायला लागला आहे. जिन्यात इतकी वर्षं त्याच पायानं पुढं जायचं, तो किती सोसणार. या वेळी प्रश्नांचा कागद तिनं स्वतः लिहिला, शिक्षिकेच्या गोल अक्षरात. पहिला प्रश्न: माझा गुडघा किती वाकतो ते आज मोजून सांगाल का? दुसरा: घरी आल्यावर कोण येईल, तेच माणूस शेवटपर्यंत येईल का, आणि त्याचं तुमच्याशी बोलणं असेल का? तिसरा: सहा आठवड्यांत इतके अंश झाले नाहीत तर कुणाला फोन करायचा? चौथा: गेल्या वर्षी तुमच्याकडं झालेल्यांपैकी किती जणांचं तुम्ही नंतर विचारलंत?

पुण्यातल्या एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीनं कागद वाचला आणि नम्रपणे पॅकेजचं पत्रक पुढं केलं. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथं कोन मोजला, तिसऱ्या प्रश्नाखाली आपल्या फिजिओचा नंबर लिहून दिला आणि चौथ्यापाशी थांबून म्हणाल्या, "काकू, सगळ्यांचं विचारलेलं नाही. साधारण निम्म्यांचं माहीत आहे." आईला त्या आवडल्या. मावशी म्हणते मिरजेलाच ये, मी आहे उठवायला-बसवायला. आईची शुगर अजून थोडी उतरायला हवी आहे, तोवर ती रोज सकाळी टॉवेलची गुंडाळी दाबते आहे. दिवाळीनंतर ठरवू म्हणते.